फोरबर्गची ओकची मतपेटी

मित्रांनो, नेदरलँड्समधल्या फोरबर्गच्या नगरपालिकेत भिंतीशी उभी असलेली जुनी मतपेटी ती मीच. एक इंच जाडीच्या ओकच्या फळ्या, खिळा न मारता जुळवलेले कोपरे, दोन कुलपे आणि दोन अधिकाऱ्यांकडे एकेक किल्ली. १८५३ साली मी अशी घडले.

तेव्हा संसदेच्या निवडणुकीत पुरेसा कर भरणारे पुरुषच मत देत. शंभर माणसांत जेमतेम तीन. ते घरून चिठ्ठी लिहून आणत आणि हॅट काढून माझ्या फटीत सोडत. मी ऐटीत असे. मला घडवणाऱ्या सुताराचे मत मात्र माझ्यात कधीच पडले नाही. त्याचा कर कमी पडत होता. त्याचे मला तेव्हा काही वाटले नाही, हे कबूल करते.

पुढे सर्वांना मताधिकार मिळाला आणि मी अपुरी पडले. अनेक वर्षे माझ्यावर कुंडी ठेवलेली होती. तिचा गोल डाग अजून आहे.

यंदा मार्चमध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी माझ्या शेजारी चाकांचा प्लास्टिकचा डबा आला. कचऱ्याच्या डब्याचा सख्खा भाऊच. मी मनोमन नाक मुरडले. इतक्यात समता आणि तिच्या सासूबाई शांताबाई आत आल्या. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर, म्हणजे अनुपबरोबर, भारतातून इथे आलेली समता मतदानाला बोलावणारे, घरी आलेले मतदानपत्र परत करायला निघाली होती.

"आई, हे चुकून आलंय. मी डिपेंडंट व्हिसावर आले, पासपोर्ट भारताचा. उगाच मत दिलं आणि उद्या व्हिसा अडला तर?"

"नाव कुणाचं आहे त्यावर?"

"माझं."

"अनुपची बायको, असं लिहिलंय?"

"नाही."

"मग? बाबासाहेबांमुळे मिळालेलं मत मी अंगात ताप असताना जाऊन दिलंय. तू दारात आलेलं परत करतेस? त्या बाईंना विचार तरी."

समताने टेबलामागच्या अधिकारी बाईंना डचमध्ये विचारले. पाच वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य असेल, तर नगरपालिकेपुरता हक्क परदेशी नागरिकालाही आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले, मतदानपत्र घेऊन मतपत्रिका हातात दिली आणि खूण करायच्या लाल पेन्सिलीकडे बोट केले.

"आई, कागद केवढा मोठा आहे हा."

"साडीची घालतेस तशी घडी घाल."

आडोशामागून समता बाहेर आली. कागद माझ्यात नव्हे, त्या प्लास्टिकच्या डब्यात पडला. तरीही मित्रांनो, मतपेटी असल्याचा एवढा अभिमान मला हॅट काढणाऱ्यांच्या काळातही वाटला नव्हता.

मला अधूनमधून पुसा, वाळवीपासून जपा. पण तुमच्या नावाने आलेले मतदानपत्र परत करायला मात्र कधीही घराबाहेर पडू नका.