लाल शेपटीचा पाहुणा

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझं दार पडलं. आत उंदीर होता. त्याची शेपटी लाल होती.

मित्रांनो, हे सांगणारा मी एक जुना पिंजरा आहे. हातभर लांब, वीतभर उंच, तारांचा. खाली लाकडी फळी, वर स्प्रिंग आणि आत खाणं अडकवायला आकडा. आकडा हलला की दार पडतं. मला एवढंच येतं, पण ते मी चोख करतो.

चाळण्या आणि पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारागिरानं मला घडवलं. त्यानं माझं दार अकरा वेळा पाडून पाहिलं, मग कानस मारली, तेव्हा कुठे ते त्याच्या मनासारखं बसलं. पहिली नऊ वर्षं मी एका धान्याच्या दुकानात काढली. दुकानदार गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा, "मांजर झोपा काढतं, हा नाही काढत." दुकान बंद झालं, तेव्हा त्यानं मला शेजारच्या, पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरांना देऊन टाकलं. त्यांच्या घरात उंदीर नव्हतेच. मग सहा वर्षं मी माळ्यावर, फाटक्या पुठ्ठ्यांखाली. तारांवर गंज चढला. दुर्लक्षाची सवय होते; पण अधूनमधून आपलं दार अजून पडतं का, ते बघावंसं वाटतं.

त्या घरात उंदीर का नव्हते, हे मला उशिरा कळलं. पुस्तकं चिकटवायला पिठाची खळ लागते. बाइंडर खळीत मोरचूद घालायचे. मोरचूद म्हणजे निळे, विषारी खडे. त्या खळीच्या पुस्तकाला ना कीड लागायची, ना उंदीर. पुढे बाइंडरांचे हात थरथरू लागले आणि काम सुनेनं हाती घेतलं. एक दिवस तिची रांगती मुलगी खळीच्या पातेल्यात बोट बुडवून चाटताना सापडली. मोरचूद घालायचा अजून बाकी होता, म्हणून निभावलं. सुनेनं त्याच दिवशी निळे खडे घरातून हद्दपार केले.

दोन महिन्यांत उंदीर आले.

त्याच सुमारास एक निवृत्त सुईणबाई आपली वही बांधायला घेऊन आल्या. चाळीस वर्षांतली सगळी बाळंतपणं तीत होती. तारीख, वेळ, आईचं नाव, बाळाचं वजन. दुसरी प्रत नाही. "मोठी झालेली मुलं जन्मवेळ विचारायला येतात," त्या म्हणाल्या. "आई विसरलेली असते. वही नाही विसरत. बुधवारी नेते."

शनिवारी संध्याकाळी वही बांधून झाली. ताजी बांधणी चार दिवस उघड्या हवेत, वजनाखाली वाळावी लागते. कपाटात कोंडली तर बुरशी धरते. म्हणून ती टेबलावरच राहिली. रविवारी सकाळी तिच्या पाठीचा कोपरा कुरतडलेला दिसला. दात आणखी बोटभर आत गेले असते, तर नावंच गेली असती.

दहा मिनिटांत मी माळ्यावरून खाली आलो. सुनेनं गंज घासला, स्प्रिंगला तेल दिलं आणि आकड्याला पावाचा तुकडा लावला. दिवसभरात त्याला कुणी हुंगलंसुद्धा नाही. उंदीर माझ्या बाजूनं गेला आणि टेबलाच्या पायाशी घुटमळला. म्हातारे बाइंडर खुर्चीतून पाहत होते.

"पाव काढ तो," ते म्हणाले. "उंदीर तुझ्या खळीचं गिऱ्हाईक आहे."

संध्याकाळी आकड्याला खळीचा गोळा लागला. सोमवारी सकाळी उंदीर आत.

आता घरात एक उंदीर आहे की दहा, हे सुनेला कळायला हवं होतं. जमाखर्चाच्या वह्यांच्या कडा रंगवायचा लाल रंग तिनं कुंचल्यावर घेतला आणि तारांमधून बाहेर आलेल्या शेपटीला फासला. घरात उंदीर मारायचा नाही, हे दोघांचं आधीच ठरलेलं. सासरे म्हणाले, "आण इकडे, मी सोडून येतो." चार मिनिटांत ते परतही आले. संध्याकाळी मला पुन्हा खळ लागली.

मंगळवारचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

"बाबा, काल कुठे सोडलात?" सुनेनं विचारलं.

"लांब."

"लांब म्हणजे?"

"मागच्या भिंतीपलीकडे."

"ते लांब?"

"माझ्या गुडघ्यांना विचार."

ती हसली. तिनं चपला घातल्या आणि मला उचललं. ओढा ओलांडून पलीकडच्या माळापर्यंत जायला पंचवीस मिनिटं लागली. दार उघडलं. लाल शेपटी गवतात शिरली. घरी येऊन तिनं सगळ्या भिंती हातानं चाचपल्या. मोरीच्या नळाशेजारी दोन बोटांचं भोक होतं. सासऱ्यांनी जाळी कापून दिली. तिनं ती कोंबून वर सिमेंट लिंपलं.

"खळीत निळा खडा असता तर हे झालंच नसतं," ते म्हणाले.

"बोट घालणारी पण आहे ना घरात."

"तेही खरंच," म्हणत त्यांनी नातीला मांडीवर घेतलं.

बुधवारी सुईणबाई आल्या. सुनेनं काही न लपवता कोपरा दाखवला. तिथे तिनं कापडाची पट्टी लावली होती. बाईंनी पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. "हा बघ. पावणेतीन किलो. आता बस चालवतो." वही पिशवीत घालून त्या गेल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला वापरलं की गरम पाण्यानं धुवा, वाळवा, तेल द्या. आत कुणी अडकलेलं असेल, तर त्याला उन्हात विसरू नका; तहान त्यालाही लागते. आणि भोक शोधा. मी पकडतो, भोक बुजवणं मला जमत नाही.

मला मंगळवारीच धुऊन पुसलं होतं. तारांवर रंगाचा ठिपकाही उरला नव्हता. खबरदारी म्हणून काल संध्याकाळी सुनेनं पुन्हा खळीचा गोळा लावला.

आज गुरुवार. सकाळी सहाला माझं दार पडलेलं आहे. खळ संपलेली आहे. आत कुणी नाही. दार पडता पडता ओढ्याच्या पाण्यानं भिजलेली एक शेपटी त्याखालून निसटली; खालच्या तारेवर ओला लाल डाग आहे. रंगाच्या बाटलीला बूच घट्ट आहे. सुनेनं दोनदा पाहिलं. मोरीतलं सिमेंट शाबूत आहे. आता ती दुसरं भोक शोधत टेबलाखाली वाकून बघते आहे. सासऱ्यांना अजून उठवलेलं नाही.