पुलावरचा भात

त्र्यंबकरावांच्या हातून एक भूत तयार झालं होतं, आणि तेही अमेरिकेत. साताऱ्याच्या कॉलेजात जन्मभर ग्रंथपाल राहिलेला हा माणूस. वाचनालयात कुणाला ‘हळू बोला’ म्हणायचं, तरी आधी दोनदा घसा खाकरणारा.

संजयचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, घर पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा गावात होतं. गावाबाहेर ओढ्यावर जुना लाकडी पूल. वर उतरतं छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, लांबून गोठाच वाटावा असा. फार पूर्वी एक नवरी लग्नाच्या दिवशी घोडागाडीसकट इथून ओढ्यात पडली आणि अजून पुलावर वाट बघत असते, असं गावात सांगत. ही कथा सगळ्यांना पाठ होती आणि तिला कुणी फारसं भीत नव्हतं. पण गेली दोन वर्षं, पानगळीच्या तोंडावर, पुलाबाहेरच्या कठड्यावर भात सापडू लागला. इकडे नवरानवरीवर तांदूळ उधळतात. मग काय, नवरीच ते तांदूळ परत आणून ठेवते, असं ठरून गेलं. शिजवून का आणते, हे मात्र कुणाला सांगता येईना.

ते त्र्यंबकरावांना सांगता आलं असतं. त्यांची बायको सुहासिनी सवाष्ण गेली होती. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला तिच्या नावाने कावळ्याला घास ठेवायचा. मुलाकडे राहायला आले त्या पहिल्या वर्षी त्यांनी तो घरामागच्या डेकवर ठेवला, तर कावळ्याआधी कचरा उपसणारे रॅकून आले आणि टाउनहाउसच्या असोसिएशनने संजयला तंबी दिली. पुलाच्या छपरावर कावळे बसतात, हे त्यांनी फिरायला जाताना पाहिलं होतं. तेव्हापासून ते घास तिकडे नेत. घरात बोलले नाहीत. मुलगा वैतागेल, सून हसेल. आणि आपला स्वतःचा तरी यावर विश्वास आहे का, हेच त्यांना ठरवता येत नव्हतं.

यंदा अडचण झाली ती सुनेमुळे. मीनाक्षी गावच्या इतिहास मंडळाची सभासद झाली होती. मंडळात ती एकटीच भारतीय, त्यातून सगळ्यांत लहान. भाताचा छडा लावायचं काम तिने हौसेने मागून घेतलं होतं. जेवताना ती सांगायची, की या भुताचा पॅटर्नच सापडत नाही, एका वर्षी ऑक्टोबरात येतं, एका वर्षी सप्टेंबरात. तिथीचं तिच्या डोक्यातच आलं नाही, आणि त्र्यंबकरावांनी आमटीतून मान वर काढली नाही. खरं सांगावं तर चार लोकांत तिची फजिती. गप्प बसून घास चुकवावा तर सुहासिनी उपाशी.

नवमी शनिवारी आली. मीनाक्षी दर शनिवारसारखी सकाळीच मंडळातल्या डोरोथीबाईंबरोबर पुलावर पहारा द्यायला गेली होती आणि अकरापर्यंत तिथून निघून परस्पर बाजारात जाणार होती. त्र्यंबकराव मुद्दाम बारा वाजता, डबा घेऊन, मागच्या पायवाटेने गेले. कुणी दिसलं नाही. त्यांनी मेपलचं एक मोठं पान कठड्यावर पसरलं, त्यावर वरणभात, वडा आणि आमसुलाची चटणी वाढली आणि मागे सरले.

छपरावर कावळा होता. मान वाकडी करून बघत होता, पण खाली येईना.

“संजयची काळजी करू नकोस,” ते हळूच म्हणाले. कावळा ढिम्म. “मीही गोळ्या वेळेवर घेतो.” कावळ्याने पाठ फिरवली.

“बाबा?”

मागे मीनाक्षी उभी होती आणि तिच्यामागे, गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या डोरोथीबाई. दोघी झाडांआड गाडीत बसून सँडविच खात होत्या.

मीनाक्षीने पुढे होऊन पानाकडे पाहिलं, चटणीकडे पाहिलं. “नवमी,” ती पुटपुटली. “म्हणून तारीख बदलते होय. आणि मी एक्सेल करत बसले.”

डोरोथीबाईंनी काय चाललंय म्हणून विचारलं. मीनाक्षी सांगू लागली, पण इंग्रजीत ‘घास’पाशीच अडखळली आणि लाल झाली. तिचा तो चेहरा त्र्यंबकरावांना बघवेना.

“थांब, मी सांगतो.”

त्यांचं इंग्रजी सगळं पुस्तकातलं, कुणाशी न बोललेलं. तरी ते बोलले. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं आम्ही समजतो, म्हणाले. तुमच्या बायकोची कोणती राहिली असेल, असं बाईंनी विचारलं.

“ती म्हणायची, तुम्ही आयुष्यभर पुस्तकांशीच बोललात. जरा माणसांशी बोला.”

डोरोथीबाई हसल्या नाहीत. आपल्या हॅरोल्डला जाऊन सहा वर्षं झाली, तर त्याच्यासाठी असं ठेवता येईल का, हे त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. पुढच्या शुक्रवारी सर्वपित्री, त्या दिवशी कुणासाठीही चालतं, असं त्र्यंबकराव म्हणाले. हॅरोल्डला हॅम सँडविच आवडायचं. मीनाक्षीने घाबरून सासऱ्यांकडे पाहिलं.

“आवडीचंच ठेवतात,” ते म्हणाले.

मग बाई हॅरोल्डबद्दल बोलत राहिल्या, आणि ते सुहासिनीबद्दल. बायकोबद्दल इतकं ते मराठीतही कधी बोलले नव्हते. शेवटी बाईंनी त्यांचा हात धरला.

“बुधवारी मंडळात येऊन हे सगळं सांगाल?”

त्र्यंबकरावांनी दोनदा घसा खाकरला. “येईन.”

मग कुणाला तरी आठवण झाली आणि तिघांनी कठड्याकडे पाहिलं. पान रिकामं होतं, चटणीसुद्धा गेली होती. छपरावर कुणी नव्हतं. शेजारच्या ओकवरून एक गुबगुबीत खार त्यांच्याकडे बघत होती.

“कावळाच होता,” मीनाक्षी म्हणाली. “मी पाहिला ना, बाबा.”

बोलणं चाललं होतं तो सगळा वेळ ती कठड्याकडे पाठ करून त्यांच्याकडेच बघत उभी होती. ते त्र्यंबकरावांच्या ध्यानात आलं. त्यांनी मान डोलावली आणि रिकामा डबा तिच्या हातात दिला.