पानामागचे भाडेकरू

मी कॉफीचे एक जुने झाड आहे, आणि भाडेकरूंच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये. मित्रांनो, माझे एखादे पान उलटून पाहा. मधली शीर आणि बाजूची शीर जिथे मिळते, तिथे टाचणीच्या टोकाएवढा खळगा असतो. अशा माझ्या हजारो खोल्या आहेत. त्यांत फिकट रंगाचे, आठ पायांचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळी राहत. भाडे काही नाही, फक्त त्यांनी लाल कोळ्यांना खायचे. लाल कोळी म्हणजे माझ्या पानांतला रस पिणारे फुकटे. हा सौदा आम्हां दोघांनाही मानवला होता. मोठ्या झाडांच्या सावलीत माझी पाने गार राहत, फांद्या फळांनी वाकत, आणि तोडणीच्या वेळी वहिनी माझे तोंडभर कौतुक करत.

वहिनी म्हणजे या मळ्याच्या मालकीणबाई. त्यांचा दीर पूर्वी घड्याळे दुरुस्त करायचा. दुकान बंद करून तो मळ्यात मदतीला आला, तेव्हा डोळ्याला लावायचे भिंग खिशात घेऊनच आला. माणूस लाख गुणांचा, पण टापटिपीचे भारी वेड. सावलीच्या फांद्या त्याला पसारा वाटल्या. भरपूर ऊन यावे म्हणून त्याने त्या छाटून टाकल्या. मग एकदा भिंग लावून त्याने माझ्या पानाची पाठ पाहिली. खळग्यात काहीतरी हलते आहे हे पाहून त्याच्या अंगावर काटाच आला. घड्याळात नको ते दिसले की घड्याळजी आधी साफसफाई करतो. त्याने औषधाचा पंप पाठीला लावला.

माझे सगळे भाडेकरू त्या दिवशी मेले. त्याचे मला अजून वाईट वाटते.

लाल कोळी मात्र वाऱ्यावर बसून पुन्हा आले. आता राखणीला कोणीच नव्हते. उन्हाने तापलेल्या, रस्त्याच्या धुळीने माखलेल्या पानांवर त्यांचे चांगलेच फावले. माझी पाने तांबूस पडून गळू लागली. घड्याळजीने आणखी फवारले, तर औषधाला सरावलेले लाल कोळी आणखी वाढले. शेवटी तो कुदळ घेऊन आमच्या ओळीपाशी उभा राहिला. ही झाडे आता कामातून गेली, उपटून नवी लावू, असे त्याचे म्हणणे होते. मी फार घाबरलो. पळून जायची सोय झाडाला नसते.

वहिनींनी कुदळीच्या दांड्यावर हात ठेवला.

"भाऊजी, विहिरीकडची झाडंही याच वयाची आहेत. पाण्यात औषध उतरेल म्हणून तिथे आपण एकदाही फवारलं नाही. मग तीच हिरवीगार कशी?"

त्याने विहिरीकडची एक डहाळी तोडून आणली आणि माझ्या शेजारीच बसून भिंगाखाली धरली. सगळे खळगे भरलेले होते. एका फिकट कोळ्याने लाल कोळ्याला पकडलेले त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

"वहिनी, मी राखणदारांनाच मारलं," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग आता त्यांना बोलावून आणा," वहिनी म्हणाल्या.

त्याने फवारणी थांबवली आणि विहिरीकडच्या डहाळ्या आणून माझ्या फांद्यांना सुतळीने बांधल्या. पण कुदळ त्याने माझ्या बुंध्याला टेकवूनच ठेवली होती. नवी पालवी तांबूस पडली, तर माझे दिवस भरले, हे मला ठाऊक होते. बांधलेल्या डहाळ्या सुकू लागल्या, तसे ते फिकट जीव खाली उतरले. माझ्या पानांना त्यांची पावले लागली आणि मला रडू यावे तसे झाले.

पालवी हिरवी निघाली, हिरवीच राहिली. घड्याळजीने कुदळ उचलली आणि खोपीत नेऊन ठेवली. सावलीच्या झाडांना फुटलेल्या फांद्यांना आता तो हात लावत नाही. हल्ली पान उलटताना तो श्वाससुद्धा रोखून धरतो.

मित्रांनो, एखादा बारीक जीव हलताना दिसला, तर लगेच त्याच्यावर औषध मारू नका. तो काय खातो, ते आधी पाहा. कदाचित तो कुणाचा तरी जीव वाचवत असेल, आणि ते सांगायला त्याला तोंड नसेल.