येतानाची बाजू

"गाडी कोठे शे, बाबा?"

चार्जिंगच्या यंत्राला हात लावून बघणारे वेणीमाधवराव दचकले. हॉटेलचा मालक खांद्यावर टॉवेल टाकून मागच्या दारात उभा होता.

"गाडी नाही आणली. एसटीने आलोय, नाशिकहून."

"मंग चार्ज काय करनं शे? मोबाईल?"

चहा पिणारे दोघेतिघे हसले. वेणीमाधवरावही उगाच हसले. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेली; अनोळखी माणसाशी बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवावं लागे. धुळ्यापासून एक वाक्य जुळवत आणलं होतं, ते नेमकं आता आठवेना.

"शुक्रवारी आमची गाडी येईल. बॅटरीवरची. हे... चालू असेल ना?"

"चालू शे ना. पन दुपारले लाईट जास. मंग बंद."

"रोज जाते?"

"आते ते आम्हले तरी काय माहीत, बाबा? बसा, चहा घ्या."

मुलाच्या फोनवर पारोळ्याजवळचा हा थांबा हिरवा दिसत होता. हिरवा म्हणजे चालू.

त्यांच्या पत्नीचं, सुधाताईंचं, डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असे. अकोल्याला सुधाताईंची थोरली बहीण आशाताई अंथरुणाला खिळली होती, माणसं ओळखेनाशी झाली होती. "मला आशाताईकडे न्या," एवढंच सुधाताई म्हणाल्या होत्या. रेल्वेचा जिना त्यांना चढवत नव्हता आणि डिझेलच्या वासाने उलटी व्हायची. राहिली मुलाची, आल्हादची, इलेक्ट्रिक गाडी. शुक्रवारी निघायचं, रविवारी परत, म्हणजे सोमवार चुकणार नाही.

पण दिवाळीत संभाजीनगरला जाताना असाच एक हिरवा थांबा बंद निघाला होता. आल्हाद कंपनीला फोन लावत राहिला आणि मागच्या सीटवर सुधाताईंना धाप लागत गेली. तेव्हापासून वेणीमाधवरावांचा त्या हिरव्या ठिपक्यांवर विश्वास उरला नव्हता. म्हणून आज घरी वाचनालयात जातो असं सांगून ते ठक्कर बाजारच्या स्टँडवरून एसटीत बसले होते. पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास फुकट, तेवढं एक बरं होतं.

संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "पारोळ्याचं खरं नाही. दुपारी लाईट जाते तिथे. धुळ्यालाच थांबू."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" आल्हादने विचारलं.

"मी बघून आलो."

"कुठे? पारोळ्याला? बाबा, अहो वय काय तुमचं! ॲपवर सगळं दिसतं ना!"

"तेव्हाही दिसत होतं."

बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं. आल्हादचा चेहरा पडला. मग तो मऊपणाने म्हणाला, "बरं, धुळे. पुढचं मी फोन करून बघतो. आणि येताना?"

"येतानाची मशीनं रस्त्याच्या पलीकडे. परतीच्या बसमध्ये उभं राहावं लागलं, काही दिसलंच नाही."

आल्हाद उठून गेला. दिवाणावर पडलेल्या सुधाताई इतका वेळ ऐकत होत्या.

"अहो, जातानाचं नीट ठरलं ना?"

"हो. धुळ्याला पक्कं."

"मग झालं. येतानाचं राहू द्या."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. दमले मी." सुया टोचून टोचून गाठाळलेला हात त्यांनी पदराखाली घेतला. "ताईजवळ राहीन. जितके दिवस असतील तितके. ते मशीन नको आता."

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. किक, पुन्हा किक.

"आणि मी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय, पुस्तकं आहेत," त्या हसल्या.

यावर काहीतरी बोलायला हवं होतं. एखादं असं वाक्य, की तिने हात पदराबाहेर काढावा. त्यांनी मनात जुळवून बघितलं. प्रत्येक वाक्य स्वतःसाठीच मागितल्यासारखं वाटत होतं. मग हे थांबे तरी आपण कुणासाठी शोधतोय? तिच्यासाठी, की आपण मागे राहू नये म्हणून? त्यांना ठरवता आलं नाही. ते उठले आणि सुधाताईंच्या पायांवर त्यांनी चादर घातली.

सकाळी ते चपला घालत असताना सुधाताई दारापर्यंत आल्या.

"आज कुठे?"

"वाचनालयात."

त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. आत जाऊन पाण्याची मोठी बाटली आणली आणि त्यांच्या पिशवीत घातली.

बसमध्ये कालचाच कंडक्टर होता. आधार कार्ड बघून म्हणाला, "काय बाबा, पुन्हा पारोळा? लेक दिली का तिकडं?"

"नाही. जरा काम आहे."

ते ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीशी बसले.

"तिकडं नका बसू, ऊन लागंल लय. इकडं सावलीत या ना, जागाच जागा हाय."

"असू दे. मला याच बाजूला बसायचंय."

पिंपळगाव मागे पडलं आणि ऊन थेट तोंडावर आलं. वेणीमाधवरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि दुभाजकाच्या पलीकडे, नाशिककडे येणाऱ्या रस्त्यावर नजर लावली.