नाकावर फुटलेला नारळ

मी एक होडी बोलतेय. दोघांपुरती, निमुळती, दोन्हीकडं टोकदार. जाणकार मला कयाक म्हणतात. सुधींद्रअण्णांच्या शेजाऱ्यांनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अण्णा, ही कसली आडवी टाकी?"

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. गोकुळ रोडवरच्या अण्णांच्या कारखान्यात फायबरच्या पाण्याच्या टाक्या होत. पाणी आत ठेवते ती टाकी, बाहेर ठेवते ती होडी, एवढाच काय तो फरक, असं अण्णा म्हणायचे. १९९९च्या थंडीत त्यांनी मला घडवलं, ते बायकोच्या, वत्सलाबाईंच्या हट्टापायी.

बाई हुबळीत मराठी शाळेत शिकवायच्या. धनेश पक्ष्याचा तक्ता टांगून त्या रंगून सांगत, की मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून एक फट ठेवते आणि नर तिला बाहेरून भरवतो. त्या वर्षी दीपश्री नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही बघितलाय काय?"

बाई नाही म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना घास गेला नाही. मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या, आणि जन्मभर न पाहिलेलंच शिकवलं ही गोष्ट मनाला लागली.

धनेश बघायला रानात दोनदा जाऊन झालं होतं. पायाखाली पाचोळा वाजे आणि पाखरं उडून जात. पाण्यावरून गेलं तर पाचोळ्याचा प्रश्नच मिटतो, म्हणून मी. बाईंच्या अखंड बोलण्यावर मात्र अण्णांकडं उपाय नव्हता.

मार्चातल्या एका रविवारी टेम्पोत बसून मी दांडेलीपलीकडं, डोंगरातल्या जलाशयावर पोचले. पाणी कसं निवांत होतं! पाणकावळे पंख वाळवत बसले होते. मला कधी एकदा उतरते असं झालं. तेवढ्यात अण्णांनी हळदकुंकू काढलं. नव्या गाडीची पूजा नको का? मला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली, आणि मग अण्णांनी नारळ उचलला तो थेट माझ्या नाकावर हाणला.

नारळ फुटला. नाकही फुटलं.

बाईंनी वाकून तडा पाहिला. "आता कसला दिसतोय धनेश," म्हणाल्या. डोळे भरून आले होते. अण्णांचं तोंड पाहवत नव्हतं. पण टाकी गळली की साबण भरायचा, हा त्यांच्या धंद्यातला तात्पुरता इलाज. अंगाच्या साबणाची अख्खी वडी माझ्या नाकात गेली. पलीकडच्या बेटावर जायचा बेत मात्र रद्द झाला. काठाकाठानंच जायचं आणि बाईंनी आत झिरपलेलं पाणी तांब्यानं उपसायचं असं ठरलं.

उपसता उपसता बाई बोलायचं विसरल्या. अशा गप्प बाई मी कधी पाहिल्या नव्हत्या. वाकलेल्या झाडांखालून आम्ही सरकत होतो. पाणमांजरांचं एक जोडपं मासा खाता खाता आमच्याकडं बघत राहिलं. शेकरू फांदीवर आडवं पडलं होतं. मग वरून कोळशाच्या इंजिनासारखा भस्‌भस् आवाज आला.

"सुम्किर," अण्णा कानडीत पुटपुटले. गप्प राहा म्हणून. सांगायची गरजच नव्हती.

पिवळी, भलीमोठी चोच. चोचीत उंबर. तो बुंध्याला चिकटून बसला, लिंपलेल्या फटीतून दुसरी चोच बाहेर आली आणि त्यानं हळूच भरवलं. बाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. गालांवरून पाणी माझ्यात पडत होतं, तेवढं मी आनंदानं घेतलं.

"अहो," बाई कुजबुजल्या, "डबा घेऊन आला की."

सोमवारी वर्गात तक्ता टांगलाच नाही म्हणे. बाई नुसत्या सांगत राहिल्या आणि मुलं ऐकत राहिली.

आता २००८ साल आहे. उणकलच्या नव्या घराच्या गच्चीवर मी पालथी असते, नाकावर अण्णांचं ठिगळ. आज दीपश्री आली, नोकरीला लागलेली. "बाई, मी अजून बघितला नाही," म्हणाली. तिच्या पिशवीत नारळ दिसला. अण्णांनी घाईघाईनं माझ्या नाकावर हात ठेवला.

अण्णा, काढा तो हात. पोरीला धनेश दिसणार असेल तर होऊ द्या अजून एक ठिगळ. साबण तेवढा विसरू नका.