नॉर्थ बेल खाणीचं दार

गुरुवारचे अकरा वाजायला दहा मिनिटं होती आणि क्रिस्टा निएमीची खोलीतली सातवी फेरी चालू होती. खाणीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या रेंजरची टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. हा गणवेश अंगावर चढवून सतरा वर्षं झाली, ऑनलाइन व्याख्यानं सुरू होऊन पाच. तरी खाणीच्या आगीचा विषय असला की बाईचा जीव थाऱ्यावर नसायचा. सकाळपासून तीन कप कॉफी झाली होती आणि पोटात अन्नाचा कण नव्हता.

"दार लावू का?" ड्वाइटने विचारलं. पडद्यावर फोटो सरकवायचे, प्रश्न वाचायचे, कुणाचा माइक चालू राहिला तर बंद करायचा, ही ड्वाइटची कामं. "बाहेर चार फूट बर्फ आहे, बाई! बोटं गळून पडतील माझी."

"राहू दे उघडं."

"तुमच्या घरी दारं नव्हती की काय गं लहानपणी?"

होती ना, चांगली जाडजूड होती. पण आजोबांनी, ओन्नी निएमींनी, सगळ्या कड्या काढून टाकल्या होत्या. मिशिगनच्या ह्या उत्तर टोकाला, जिथे एप्रिल आला तरी बर्फ हलत नाही, तिथे तो माणूस जन्मभर दार उघडं टाकून झोपला. गावातले लोक म्हणायचे, म्हातारा चक्रम आहे. घरातल्यांना कारण ठाऊक होतं आणि घरातले गप्प होते.

१९२१ साली खाणीला आग लागली तेव्हा आत नऊ माणसं होती. हवा मिळाली की आग भडकते, म्हणून वरून हुकूम आला, दार बंद करा. कुणीतरी ते केलं. नऊही जण आतच गेले. खाणीच्या कागदपत्रांत त्या माणसाचं नाव नाही. ते नाव फक्त निएमींच्या घरात होतं, आणि क्रिस्टाने पहिल्यांदा रेंजरची टोपी घातली त्या दिवशी आइली आत्याने तिला बजावलं होतं, "तुला तिथे काय बोलायचं ते बोल. पण माझ्या बापाचं नाव घ्यायचं नाही. मला ह्याच गावात मरायचंय."

आत्या आता अठ्ठ्याऐंशीची होती. आणि आत्याने एकही व्याख्यान चुकवलं नव्हतं. आजही बघा, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तिचं अर्धं कपाळ आणि चष्म्याची वरची कड हजर! पहारा द्यायला बसते म्हातारी, क्रिस्टाला वाटायचं. दोन चौकटी सोडून हार्वी ट्रेम्बाथ होता. त्याचे आजोबा त्या नऊ जणांतले. दर रविवारी चर्चमध्ये आत्या ह्या हार्वीला आपल्या हाताने कॉफी ओतून द्यायची.

उरलेल्या पडद्यावर ॲरिझोनाची शाळा होती. चौथीची पोरं, मार्च महिन्यात अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून. फोटो झाले, तांब्याचा दगड दाखवून झाला, प्रश्न सुरू झाले. पहिला प्रश्न, अर्थातच, खाणीत शीला कुठे जायचे. पोरं खिदळली. वर्गाच्या बाईंनी डोळे वटारले. क्रिस्टाने बादलीची गोष्ट सांगितली आणि तिला जरा बरं वाटलं.

मग एक मुलगी उभी राहिली. नाव म्हणाली मारिसोल. "ते दार कुणी लावलं?"

"ते इतिहासाला माहीत नाही," क्रिस्टा म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं.

मुलगी खाली बसेना. "पण तुम्हाला माहीत आहे का?"

आता आली पंचाईत. रेंजरांचा एक साधा नियम असतो. माहीत नसेल तर थापा मारायच्या नाहीत, 'मला माहीत नाही, शोधून कळवते' म्हणायचं आणि खरंच कळवायचं. तिने शेकडो पोरांना तसं कळवलं होतं. पण 'मला माहीत नाही' हे शब्द तिने ह्या प्रश्नाला कधीच वापरले नव्हते. दर वेळी इतिहासाला पुढे करायची आणि आपण मागे लपायची. आणि ही एवढीशी पोर तिला हाताला धरून पुढे ओढत होती. क्रिस्टाने पाणी घेतलं, पेला पुन्हा तसाच ठेवला.

तेवढ्यात वाऱ्याचा असा झोत आला की टेबलावरचे कागद खोलीभर झाले. "तरी मी म्हणत होतो!" म्हणत ड्वाइट उठून दाराकडे धावला. माइक सांभाळायला कुणी उरलं नाही. आणि आत्याचा आवाज खोलीत घुमला. आवाज मोठा करायला गेली असणार, भलतंच बटण दाबलं.

"सांग की गं, पोरी," आत्या बहुधा मांडीवरच्या मांजरीशी बोलत होती. "बघतेस ना, मिसू? पाच वर्षं बसतेय मी इथे. आज सांगेल, पुढच्या गुरुवारी सांगेल. मला स्वतःला काही ते सांगवत नाही. ही बया काय मी मेल्यावर तोंड उघडणार आहे?"

ड्वाइट दार धरून तसाच उभा राहिला.

"दार लावू नकोस," क्रिस्टा त्याला म्हणाली आणि पडद्याकडे वळली. "हो मारिसोल, मला माहीत आहे. ते दार माझ्या आजोबांनी लावलं. ओन्नी निएमी. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. हुकूम होता, पण हात त्यांचे होते."

"अगं बाई!" आत्या किंचाळली. "हे मेलं चालू आहे की काय?" कपाळ नाहीसं झालं, मांजरीची शेपटी दिसली.

कुणी हसलं नाही. मारिसोलने विचारलं, "त्यांना वाईट वाटलं?"

"त्यानंतर त्यांनी घरातलं एकही दार बंद होऊ दिलं नाही. हिवाळ्यातसुद्धा."

मुलीने थोडा विचार केला. "मग तुम्हाला थंडी नाही वाजायची?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. क्रिस्टाचे डोळे भरून आले. "वाजायची," ती म्हणाली. "खूप वाजायची."

हार्वी ट्रेम्बाथची चौकट काळी झाली. माणूस व्याख्यान सोडून निघून गेला.

व्याख्यान कसंबसं संपलं. टोपी काढायच्या आतच फोन वाजला.

"हार्वी गेला ना?" आत्याने विचारलं.

"गेला. आत्या, मी..."

"गप. ते माझं मी बघते. रविवारी त्याच्या घरी जाणार आहे, आत घेतलं तर घेतलं." मग म्हणाली, "तिथे वारा ऐकू येतोय मला. गारठलीस?"

"हो."

"मग दार लाव, पोरी."

क्रिस्टा उठली. बावन्न वर्षांची बाई, पण दारापर्यंतची पाच पावलं काही संपेनात. तिने दार लावलं, कडी घातली. खोली शांत झाली, आणि कडीवरचा हात बराच वेळ तिला काढवेना.