लाल चिंधी बांधलेली कात्री

मित्रांनो, मी कात्री आहे. शिंप्याची, दहा इंची, पितळी मुठीची. जुनी आहे हे वेगळं सांगायला नको. माझी मूठ आतून पाहा, अंगठा फिरून फिरून तिथे खळगा पडला आहे. वजनाला मी अशी, की नवख्याचा हात पाच मिनिटांत भरून येतो. आणि दोन पाती असल्यामुळे बोलायलाही मी काही कमी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एका लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. त्यानं मला तापवलं, ठोकलं, घासलं, पितळेची मूठ बसवली आणि दोन्ही पाती एका स्क्रूनं जोडली. मग ओल्या फडक्याची एक पट्टी कापून पाहिली आणि म्हणाला, "चालेल." बस, एवढंच. इतके हाल सोसल्यावर मला जरा जास्त कौतुकाची अपेक्षा होती.

मला विकत घेतलं ते एका शिंप्यानं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. रस्त्याला लागून त्यांचं अरुंद दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. मास्तर उंच टेबलाशी उभे राहून कापत आणि त्यांची बायको खिडकीजवळच्या मशीनवर शिवत असे. गल्लीतली मुलं तिला शिवणकाकू म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

मास्तर तसे शांत स्वभावाचे, पण एका बाबतीत कुणाचं ऐकत नसत. कापडाच्या कात्रीनं कागद कापायचा नाही. कागद दिसायला गरीब असतो, पण पात्याची धार खाऊन टाकतो. मग ती कात्री कापड कापत नाही, चावते. म्हणून मास्तरांनी माझ्या मुठीला एक लाल चिंधी बांधली होती. ती दिसली की कागद लांब ठेवायचा, हे दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ठाऊक होतं. एकदा पोस्टमननं पाकीट फोडायला मला उचललं, तर मास्तरांनी हातातलं गिऱ्हाइकाचं माप सोडून त्याचं मनगट धरलं होतं.

किती कापलं म्हणून सांगू! कोट, पडदे, शाळेचे गणवेश, बाळांची झबली. कापडातून सर्रकन जाताना जो आवाज यायचा, तो मला फार आवडायचा. माणसं तयार कोट घालून आरशासमोर उभी राहत आणि म्हणत, "काय शिवलाय!" काय कापलाय, असं मात्र कुणी कधी म्हटलं नाही. मी मनात कुढायची. पण संध्याकाळी मास्तर मला तेलाच्या फडक्यानं पुसत आणि माझा राग जायचा.

दर काही महिन्यांनी धारवाला सायकल घेऊन यायचा. धार लागली की मी नवी व्हायची, आणि दर खेपेला थोडी अरुंदही व्हायची. शेवटच्या वेळी त्यानं मला उजेडात धरलं आणि मास्तरांना सांगितलं, की आता ही शेवटची, यापुढे घासली तर टोकं जुळायची नाहीत. मास्तरांनी मान डोलावली. त्यानंतर वर्षभरात मास्तरच गेले.

दुकान बंद झालं. मशीन कुणाला तरी दिलं. मला मात्र काकूंनी तेल लावलं, फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलं आणि कपाटाच्या खणात ठेवलं. माणसं याला जपणं म्हणतात.

त्या खणात मी सहा वर्षं होते. दिसायचं काहीच नाही, ऐकू मात्र सगळं यायचं. घड्याळ. गळका नळ. काकू त्या नळाशी बोलायच्या. "तुझं काय रे बाबा दुखतंय," असं विचारायच्या. दर रविवारी लांब राहणाऱ्या लेकीचा फोन यायचा. लेक प्रेमळ होती. ती दर वेळी तेच सांगायची, की आई, आयुष्यभर खूप केलंस, आता डोळ्यांना त्रास देऊ नकोस, आराम कर. काकू "हो गं" म्हणायच्या. फोन ठेवला की खुर्ची करकरायची आणि मग पुढच्या रविवारपर्यंत त्या घरात माणसाचा आवाज म्हणून नसायचा. कधीतरी काकू खण उघडत, फडक्यावरूनच मला चाचपत आणि खण लावून घेत. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की बाई गं, मी इथे मरतेय. पण तेल पाजलेल्या कात्रीचा आवाज निघत नाही.

मग एक दिवस वरच्या मजल्यावरच्या ड्रॉइंगबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, बोटांना कायम रंग लागलेला. त्यांना कापडाचे तुकडे हवे होते. दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाच-सात जणं जमून गोधड्या करतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या गोधड्या पांघरायच्या नव्हत्या, भिंतीवर लावायच्या होत्या. कापडावर कागद, तारा, बटणं, रंग, वाळकी पानं, जे हाताला येईल ते शिवायचं किंवा चिकटवायचं. काकूंकडे दुकानातल्या कातरणीचं अख्खं पोतं होतं. काकू म्हणाल्या, न्या. ड्रॉइंगबाई पोत्याकडे बघून म्हणाल्या, की हे काही मला एकटीला उचलत नाही, दुसरं टोक तुम्ही धरा. मला वाटतं, उचलत होतं त्यांना.

निघताना काकूंनी मला पिशवीत टाकलं. पोतं टाकून लगेच परत यायचं, असं त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. मग कात्री कशाला, हे त्यांचं त्यांनाही माहीत नसावं.

खोलीत गोंदाचा वास होता आणि लांबलचक टेबलावर नुसता पसारा. एक निवृत्त वायरमन पक्कड धरावी तशी सुई धरून बसले होते. एक नर्सबाई ड्यूटी संपवून तशीच आली होती आणि दोन टाके घातले की डुलकी काढत होती. आणि कापड म्हणाल, तर ते शाळेच्या मुलांच्या चिमुकल्या कात्र्यांनी कापणं चाललं होतं. काकूंनी थोडा वेळ पाहिलं. मग त्यांना बघवेना. त्यांनी फडकं सोडलं, मला हातात घेतलं आणि उभा-आडवा धागा पाहून निळ्या कापडाचा एक चौकोन काढला. सर्रकन. सगळे हात थांबले.

"काय कापलंय!" वायरमन म्हणाले.

मित्रांनो, अख्ख्या आयुष्यात हे मी पहिल्यांदा ऐकलं. माझा स्क्रू ढिला व्हायचा बाकी राहिला.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही जाऊ लागलो. सगळ्यांचं कापड काकू कापून द्यायच्या. शनिवार आला की सकाळपासूनच घरात त्यांची लगबग सुरू व्हायची. त्यांचं नळाशी बोलणं कमी झालं. त्यांनी नवा चष्मा केला आणि लेकीला तो वाचायला केला म्हणून सांगितलं.

पुढे सगळ्यांनी मिळून एक मोठी गोधडी करायचं ठरलं. प्रत्येकानं एक चौकोन करायचा आणि त्यात आपल्या कामाचं काहीतरी असायचं. वायरमननी तांब्याच्या तारेचा दिवा शिवायला घेतला. नर्सबाईनं बँडेजपट्टीचे ढग केले. काकूंना सगळे विचारत, तुमचा कधी? काकू म्हणायच्या, "माझं काय त्यात. मी आपली कापून देते." हे त्या हसून म्हणायच्या, पण मला त्यांच्या हाताचा घाम कळायचा. त्यांना चौकोन सुचत नव्हता असं नाही. त्यात स्वतःला कुठे बसवावं, हेच त्यांना कळत नव्हतं. मास्तरांच्या शेजारची जागा सोडून त्यांना दुसरी जागा माहीतच नव्हती.

आणि मग तो शनिवार आला. काकू चहाचे कप विसळायला गेल्या होत्या. ड्रॉइंगबाईंना एक जाड पुठ्ठा कापायचा होता. त्यांनी समोर होती ती कात्री उचलली. ती मी होते. माझ्या पात्यात कर्रकन काहीतरी गेलं, आणि काकू दारात उभ्या होत्या.

काकूंनी मला त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं. ड्रॉइंगबाई गोंधळल्या. "अहो, कात्रीच तर आहे," त्या म्हणाल्या.

"ह्यांची आहे," काकू म्हणाल्या.

मला फडक्यात गुंडाळलं, पिशवी उचलली आणि चालू लागल्या. त्या शनिवारनंतर आणखी दोन शनिवार गेले. मी पुन्हा खणात, पण या वेळी फडकं सैल आणि खण बोटभर उघडा, म्हणून थोडं दिसायचं. घड्याळ, नळ, खुर्ची. रविवारी लेकीनं विचारलं, बरी आहेस ना? काकू म्हणाल्या, आराम करतेय. मित्रांनो, पात्याला खरचटलं त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. पण त्या 'आराम' शब्दानं माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. काकूही आता माझ्यासारख्या खणात गेल्या आणि तो त्यांना आतून उघडता येणार नाही, अशी मला धास्ती वाटू लागली.

तिसऱ्या आठवड्यात ड्रॉइंगबाई आल्या. त्यांनी माफी मागितली. ती लाल चिंधी त्यांना शोभेची वाटली होती. तिचा अर्थ कुणी त्यांना सांगितलाच नव्हता, आणि आपण तो सांगितला नव्हता, हे काकूंच्या तेव्हा लक्षात आलं. मग ड्रॉइंगबाईंनी पिशवीतून वायरमननी कापलेला एक चौकोन काढला. काकूंनी तो उलटसुलट केला आणि विचारलं, की हा कापलाय का उंदरानं कुरतडलाय. दोघी हसल्या. पण काकू येते म्हणाल्या नाहीत. बघू, म्हणाल्या.

त्या गेल्यावर काकूंनी कपाटावरून एक पुडकं काढलं. मास्तरांनी आखलेले खाकी कागदाचे नमुने होते त्यात. एकेकावर गिऱ्हाइकाचं नाव आणि माप. सगळ्यात खाली बाईच्या कोटाचा एक नमुना होता. त्यावर मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'घरचं. सवडीनं.' गिऱ्हाइकांचे कोट आधी, घरचा नंतर. काकूंचा तो कोट कधी शिवलाच गेला नव्हता.

काकू तो कागद मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. मग उठल्या, स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आल्या आणि ती टेबलावर तशीच ठेवून दिली. खण पुरता उघडला. मला हातात घेतलं.

"अहो," त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या, "झाली बघा सवड."

आणि त्यांनी त्या कागदाला मला लावलं. खाकी कागद, वर्षानुवर्षं वाळलेला. माझी धार जाताना मला कळत होती, इंच इंच. काकूंनाही कळत असणार, त्या शिंप्याच्या बायको होत्या. तरी त्या थांबल्या नाहीत. मास्तरांची रेघ, मास्तरांचं अक्षर आणि चारी बाजूंना सरळ कड, असा चौकोन त्यांनी काढला आणि धावदोऱ्यानं निळ्या कापडावर टाचला. टाचताना त्या रडल्या. मीही रडले असते, पण मग गंज चढला असता.

शनिवारी तो चौकोन टेबलावर आला तेव्हा वायरमननी त्यावरचे शब्द मोठ्यानं वाचले. मग नर्सबाईनं आपले ढग थोडे सरकवले आणि मधोमध जागा केली.

माझं म्हणाल, तर पुढचं कापड मी कापलं नाही, चावलं. धार लावण्याजोगी मी उरले नव्हते. एक नवी प्लॅस्टिकच्या मुठीची कात्री आली. काकूंनी माझी लाल चिंधी सोडून तिला बांधली, आणि या वेळी तिचा अर्थ सगळ्यांना नीट समजावून सांगितला. मी कागदाच्या डब्यात गेले.

आता मी त्याच खोलीत असते. शनिवारी दोन तास मला पाच-सहा हात लागतात, उरलेला आठवडा अंधार. काकूंचा हात क्वचितच लागतो. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटतं. गोधडी पूर्ण होऊन वाचनालयाच्या भिंतीवर लागली म्हणे. मी पाहिलेली नाही, डब्यातून दिसत नाही.

पण गेल्या शनिवारी काकूंचा फोन वाजला. लेक होती, रविवारची वाट न पाहता. काकू म्हणाल्या, "आत्ता नको गं, कामात आहे मी." हे वाक्य मी मास्तर गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, कापडाच्या कात्रीनं कागद कापू नका, हे मी आजही सांगेन. कात्रीला पुसा, तेल द्या, जागेवर ठेवा. पण तुमच्या घरात कुणाला आराम करा म्हणून घडी घालून ठेवलं असेल, तर आजच त्यांच्याकडे काहीतरी घेऊन जा. उसवलेलं, फाटलेलं, अडलेलं, काहीही. आणि त्यांना म्हणा, हे आम्हाला जमत नाही, जरा बघता का?